अर्धी मुरलेली बाभळ

आमच्या घरात पीठ दोन जागी असायचं. एक डब्यात, जोंधळ्याचं. दुसरं माजघराच्या जमिनीवर, वरच्या तुळईतून आपोआप सांडलेलं. ते पिवळसर असायचं आणि हाताला जोंधळ्याच्या पिठापेक्षाही मऊ लागायचं. सकाळी अंथरुणं गोळा केली की मी त्याच्यात बोटानं माझं नाव लिहायची, 'सुमन', आणि आई माझ्या पाठीत धपाटा घालून नावासकट ते केरसुणीनं सुपलीत ओढायची. उकिरड्यावर जाताना ती आधी दारातून गल्लीत दोन्हीकडं बघायची आणि मग सुपली पदराखाली धरून निघायची. लाकडाचं पीठ काही कुणी चोरून नेत नाही. पण आपलं घर आतून खाल्लं जातंय हे शेजारणींना दिसू नये, एवढ्यासाठी माझ्या आईनं दोन वर्षं हा चोरटा उद्योग केला. आज आठवलं की मला हसू येतं आणि लगेच तिचा रागही येतो. राग का, ते सांगते.

आमचं गाव कडेगावच्या अलीकडं, माळाच्या कडेला. पाटाचं पाणी तेव्हा आमच्यापर्यंत आलेलं नव्हतं. ऊस खायचा तर कुंडलच्या पाहुण्यांकडं जायचं. आमच्याकडं जोंधळा, मटकी आणि घरटी एक माणूस फौजेत. आमच्या घरातले आबा, म्हणजे माझे वडील. नाईक होते. वर्षातून एकदा दोन महिन्यांच्या रजेवर यायचे, आणि त्या दोन महिन्यांत वर्षभराची कामं उरकायची असा त्यांचा खाक्या. चुलत्यांशी वाटणी झाली तेव्हा आमच्या वाट्याला घराची मोकळी जागा आली आणि बांधावरची एक थोरली बाभळ. आबांनी त्याच दिवशी बाभळीला मिठी मारून तिचा घेर बघितला आणि आईला म्हणाले, "झालं घर." आमच्याकडची घरं माळवदाची. दगडमातीच्या भिंती, भिंतींवर मधोमध एक जाड तुळई, तुळईवर आडवी खांडं म्हणजे वासे, खांडांवर काटक्या, आणि सगळ्यांच्या वर हातभर थर पांढऱ्या मातीचा. उन्हाळ्यात आत गारवा असतो. पण तो सगळा मातीचा डोंगर पेलायचा त्या एका तुळईनं. तुळई गेली की घर गेलं.

बाभळीचं लाकूड तोडून तसंच घरात घालत नाहीत. ते आधी विहिरीत मुरवायचं. दगड बांधून तळाला सोडायचं आणि दोन पावसाळे विसरून जायचं. पाण्यानं लाकडातला गोडवा निघून जातो, मग लाकूड पोखरणारा भुंगा त्याला तोंड लावत नाही. हे आम्हाला शिरपाकाकांनी सांगितलं. शिरपाकाका म्हणजे गावचे सुतार, हाडकुळे, एका कानानं बहिरे, बोलायला लागले की समोरचा आपल्याहून बहिरा आहे असं धरून बोलायचे. आबांनी बाभळ तोडली, ओंडके विहिरीत सोडले आणि रजा संपवून गेले. तोडायला अवस धरावी, चांदण्यात तोडलेलं लाकूड किडतं, असं आई म्हणत होती, पण आबांची रजा अवसेपर्यंत पुरत नव्हती. एवढ्यावर निभावलं असतं. पण त्याच वर्षी पाऊस आला नाही. मोठा दुष्काळ तो. विहिरी तळाला गेल्या, माणसं खडी फोडायला गेली, आम्ही रेशनच्या लाल मिलो जोंधळ्याच्या भाकरी खाल्ल्या, आणि आमच्या विहिरीतले ओंडके हळूहळू उघडे पडत गेले. शेवटी ते अर्धे चिखलात आणि अर्धे उन्हात, बैठकीला आलेल्या पाहुण्यांसारखे टेकून राहिले. बाळू, माझा धाकटा भाऊ, तेव्हा चार-पाच वर्षांचा. तो वरून वाकून त्यांना खडे मारायचा.

आबा पुढच्या रजेला आले तेव्हा शिरपाकाका विहिरीत उतरले, ओंडक्यांना हात लावून वर आले आणि ओरडून म्हणाले, "आबा, ही आर्धीच मुरलीत बघा. कच्ची असती तर कळलं असतं, पक्की असती तर बरं झालं असतं. आर्धं मुरल्यालं लय वाईट. अजून एक पाऊस जाऊ द्या."

"पाऊस हाय कुठं मिस्त्री, जाऊ द्यायला?" आबा म्हणाले. "माझी रजा जाईल, पाऊस नाही जायचा. घाला."

आणि घातली. शिरपाकाकांनी तुळई तासली, वर चढवली, नारळ फोडला, आणि आबांनी खालून मुठीनं तुळईवर ठोकलं. ठण्ण आवाज आला. आबा सगळ्यांकडं बघून असे हसले की जणू तो आवाज त्यांनीच तयार केला होता. बराकीत गेल्यावर त्यांनी म्हणे प्रत्येकाला ते घर सांगितलं. किती खण, किती खांडं, तुळईची जाडी केवढी. मराठा, जाट, मद्रासी, सगळ्यांना आमची तुळई माहीत होती.

भुंगा दुसऱ्या उन्हाळ्यात लागला. आवाज फार बारीक असतो त्याचा. दुपारी गल्ली सामसूम झाली, म्हैस रवंथ करत बसली, आईचं निवडणं-टिपणं थांबलं की वरून कर्र... कर्र... असं यायचं. कुणीतरी पलीकडच्या खोलीत पापड खात बसलंय असं वाटायचं. बाळूला मौज वाटायची. आई ताटावर हात धरून जेवायची. हुलग्याचं माडगं तिच्या हातचं फार छान व्हायचं, लसणाची फोडणी, वर तेलाचे थेंब. त्या थेंबांवर वरून पिवळी भुकटी येऊन बसायची. "खा गपचिप," आई म्हणायची, "बाभळीचं हाय, दात बळकट हुत्यात." असं म्हणायची आणि स्वतःचं माडगं म्हशीपुढं ठेवायची.

आता प्रश्न असा की हे आबांना का सांगायचं नाही. फौजेतल्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही, हा आमच्या भागातला न लिहिलेला कायदा होता. गल्लीतली प्रत्येक बाई तो पाळायची. माणूस तिकडं थंडीवाऱ्यात बंदूक धरून उभा, त्याचं ध्यान घराकडं लागलं की संपलं, असं सगळ्या एकमेकींना सांगायच्या आणि कुठल्यातरी वाडीतल्या कुठल्यातरी जवानाचं उदाहरण द्यायच्या. त्यातून ही तुळई घालायचा हट्ट आबांचा. "त्यांच्याच हातानं झालंय," आई म्हणायची. "कळलं तर जिवाला लावून घेत्याल. पेन्शनीत येऊ देत, मग डोळ्यानं बघत्याल. तवर मी घर हुबं ठेवती." पेन्शनीला अडीच वर्षं होती. तेवढी अडीच वर्षं तुळई टिकवायची आणि आबांना पत्ता लागू द्यायचा नाही, हा तिचा सगळा बेत. मधे ते रजेवर आले तेव्हा तिनं दोन महिने रोज त्यांच्याआधी उठून जमीन झाडली आणि दुपारी कर्र ऐकू येऊ नये म्हणून त्यांना शेतावर पिटाळलं. मला सांगायची, "तूबी बोलायचं न्हाईस." मी बोलले नाही. त्या वयात गुपित सांभाळायला मिळालं की माणूस मोठं झाल्यासारखं वाटतं.

पत्रं मी लिहायची. आईला अक्षर येत नव्हतं आणि माझं अक्षर शाळेत पहिल्या नंबरचं. मजकूर ठरलेला. तीर्थरूप आबांस, शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व मंडळी खुशाल, आपली खुशाली कळवणे. मग म्हैस, मग बाळूची शाळा, मग घर. घराबद्दल आई एकच वाक्य सांगायची, "घराची काळजी करू नये." एकदा मी म्हटलं, मी खरं लिहिते. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पेन खाली ठेवलं. माझा राग आहे तो ह्याचाच. अक्षर माझं आणि खोटं तिचं. पण दहा-अकरा वर्षांच्या पोरीनं काय करायचं होतं, आणि खरं सांगायचं तर तिनंही काय करायचं होतं?

तिनं करायचं ते सगळं केलं. सल्ला द्यायला काय, उंटावरून शेळ्या हाकणारे गावोगाव असतात. आपल्या घराचं नाव न घेता, "एका पावण्यांच्या घरात भुंगा लागलाय" असं सांगून तिनं दहा जणांकडून दहा उपाय आणले. मिठाचं कढत पाणी झालं. कडुनिंबाच्या पाल्याचा काढा झाला. करंजाचं तेल झालं. पाहुण्यांच्या विहिरीवरच्या इंजिनाचं जळकं ऑइल डब्यात भरून मी डोक्यावरून आणलं, ते झालं. उसाला टाकायची वासाची पावडर झाली, तिच्या वासानं आम्हा दोघांना आठ दिवस खोकला लागला आणि भुंगा ठणठणीत राहिला. तिवईवर चढून, तोंडाला पदर बांधून, कोंबडीच्या पिसानं एकेका भोकात तेल सोडत आई उभी राहायची. भोकं हजार. एक बुजवलं की शेजारी दुसरं. भुंग्याला ती मोठ्यानं शिव्या घालायची, त्या मी इथं लिहीत नाही. आणि खाली उतरून दमून म्हणायची, "वरनं कीर्तन, आतनं तमाशा."

परवा सांगलीत माझ्या मुलाच्या फ्लॅटवर एक पोरगा पाठीला टाकी लावून फवारणी करायला आला होता. दाराच्या चौकटीला वाळवी लागली म्हणून. भिंतीला भोकं पाडून औषध सोडलं आणि म्हणाला, "काकू, पाच वर्षांची गॅरंटी." मी त्याला म्हटलं, बाबा, गॅरंटी तेवढी देऊ नकोस, चहा घे आणि जा. सून माझ्याकडं बघायला लागली. तिला वाटलं मी पोराचा अपमान केला. तिला काय सांगणार मी?

आमच्याकडं वाळवी नंतर आली. दुष्काळात तेरावा महिना. भुंगा वरून आणि ही खालून. भिंतीवर मातीची बारीक नळी चढायला लागली, बोटानं मोडली की आत पांढरे किडे पळायचे, दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा जिथल्या तिथं. चौकट खाल्ली, परड्या खाल्ल्या, भिंतीतल्या देवळीत माझी पुस्तकं असायची त्यांतलं इतिहासाचं पुस्तक मधून खाल्लं. आई तेव्हा बिब्ब्याच्या तेलावर आली होती. बिब्बा वाळवीला मारतो म्हणतात. तो आईला उतला. तोंड, मान, हात, सगळं सुजून फोड आले, डोळे दिसेनात. आरशात बघून ती खाली बसली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली. वैशाख होता. तुळईला मधे बाक आलेला उघड्या डोळ्यांनी दिसत होता. आम्ही अंगणात झोपत होतो. शिरपाकाका गुपचूप येऊन बघून गेले होते आणि त्यांच्या मानानं हळू आवाजात, म्हणजे शेजारी ऐकतील इतपत, म्हणाले होते, "वैनी, वरची माती भिजली की हे बसणार. टेकू देऊ का?" आई नको म्हणाली. टेकू दिला तर गल्ली बघणार, गल्लीतल्या कुणाच्या तरी पत्रातून बातमी फौजेत पोचणार. पाऊस मात्र महिन्यावर आला होता, आणि काही केलं तरी घर बसणार हे तिला कळून चुकलं होतं.

त्या दिवशी तिनं मला पत्र लिहायला बसवलं. देवळीतून कार्ड काढलं तर कार्डांच्या गठ्ठ्याचा एक कोपरा वाळवीनं कुरतडलेला. मी म्हटलं, घाण दिसतंय. आई म्हणाली, "मजकुराला जागा हाय न्हवं? लिही." डोळे सुजलेले, तिला कार्ड धड दिसतही नव्हतं. मी नेहमीचा नमस्कार लिहिला. खुशाली, म्हैस, बाळू ह्यातलं काही त्या दिवशी तिनं सांगितलंच नाही, एकदम घरावर आली.  म्हणाली, "लिही. जे व्हायचं ते हुतं, कुणाच्या हातात न्हाई. तुमी जिवाला लावून घेऊ नये." मी ते शुद्ध करून लिहिलं. मग तो कुरतडलेला कोपरा माझ्या डोळ्यांत खुपायला लागला. माझं एवढं सुंदर अक्षर आणि शेजारी ते उंदरानं खाल्ल्यासारखं. म्हणून मी पट्टी ठेवली आणि कोपरा तिरका, सरळ रेषेत, छान फाडून टाकला. कार्ड शाळेजवळच्या पेटीत टाकून आले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं माणूस गेल्याचं कार्ड कोपरा फाडून पाठवायचे. फाडलेला कोपरा दिसला की पोस्टमन कार्ड घरात देत नसे, दारातच वाचून दाखवायचा आणि तिथंच ते फाडायचं. मोठ्यांना हे पक्कं ठाऊक. मला नव्हतं. आमच्या घरी तसं कार्ड तोवर आलंच नव्हतं.

पंधरा-एक दिवस गेले असतील. भर दुपारी आई तिवईवर उभी राहून चौकटीला जळकं ऑइल लावत होती, मी खालून डबा धरला होता, आणि दारात आबा उभे. डोक्यावर ट्रंक, अंगावर वर्दीचा शर्ट, दाढी वाढलेली. आबांची दाढी मी त्याआधी कधी बघितली नव्हती. ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे राहून आईकडं बघत राहिले. आईचं तोंड फोडांनी काळंनिळं, हात कोपरापर्यंत काळे.  आबांनी इकडंतिकडं बघितलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "बाळू कुठाय?"

"बाळू?" आई म्हणाली. "त्यो गेला न्हवं."

आबा ट्रंकेसकट खाली बसले. ट्रंक घरंगळून अंगणात पडली. त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तसा आवाज मी माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

"आवं, वड्याला गेलाय," आई घाबरून खाली उतरली. "म्हस घिऊन. आवं, काय झालं? तुमी असं मधीच कसं आला?"

आबांनी खिशातून कार्ड काढलं. घामानं भिजून मऊ पडलेलं. आईला वाचता येत नव्हतं, पण कोपरा बघायला वाचता यावं लागत नाही. तिनं कार्ड बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ऑइलच्या हातानं माझ्या गालावर अशी वाजवली की पाचही बोटं काळी उठली. ती दोन दिवस निघाली नाहीत. मी रडत रडत ओरडले, "मी काय केलं? वाळवीनं खाल्ला हुता त्यो."

"वाळवीनं?" आबा म्हणाले. "कार्ड वाळवीनं खाल्लं?"

"कार्ड बी खाल्लं," आई म्हणाली, "आन् घर बी खाल्लं." आणि ती उंबऱ्यावर बसून तोंडात पदर कोंबून रडायला लागली. दोन वर्षं सांभाळलेलं असं एका दमात बाहेर पडलं.

तेवढ्यात बाळू आला, म्हशीच्या पाठीवर बसून, कशाचा पत्ता नसल्यासारखा. आबांनी त्याला खाली ओढून छातीशी इतका आवळला की तो भोकाड पसरून रडला. मग आबा उठले, आत गेले, मान वर केली. बाक बघितला. हात वर करून मुठीनं तुळईवर ठोकलं. ह्या खेपेला आवाज आला तो रिकाम्या खोक्यावर ठोकल्यासारखा, आणि त्यांच्या केसांवर, दाढीवर, खांद्यांवर पिवळं पीठ पडलं. ते त्यांनी झटकलं नाही. "कवापास्नं?" त्यांनी विचारलं. "दोन वर्सं," आई म्हणाली. "आन् मला लिवत हुतीस, घराची काळजी करू नये." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

शिरपाकाकांना बोलावलं. त्यांनी गिरमिट लावून तुळईला भोक पाडलं. धड लाकडाला गिरमिट लावलं की कुरळी साल निघते. इथं नुसतं पीठ आलं, धारेनं, गिरणीतून यावं तसं, आणि गिरमिट मुठीपर्यंत बिनबोभाट आत गेलं.  शिरपाकाकांना आयुष्यात एवढं गप्प मी तेव्हाच बघितलं. आबाच म्हणाले, "बोला मिस्त्री. तुमी सांगितलं हुतं." शिरपाकाका म्हणाले, "सांगून काय हुतंय? पाणी न्हवतं. पाणी काय तुमी प्यालासा व्हय?"

आबांना दहा दिवसांची रजा मिळाली होती, त्यातले तीन येण्यात गेले आणि तीन जायला लागणार. उरलेल्या चार दिवसांत नवी तुळई होत नाही. घर पाडायला मात्र चार दिवस पुरतात. त्यांनी आणि शिरपाकाकांनी माळवदावर चढून माती खाली लोटली, आई आणि मी पाट्यांनी ती घरामागच्या परड्यात वाहिली. गल्लीतल्या बाया न बोलावता आल्या, पदर खोचून पाट्या उचलायला लागल्या. एक जण म्हणाली, "आगं बया, आमच्याबी घरात लागलाय भुंगा, दोन वर्सं सांगितलं न्हाई कुणाला." आई तिच्याकडं बघतच राहिली. तुळई खाली घेतली तेव्हा ती वाटेत मधूनच मोडली. आत हाताला लागेल असं काही नव्हतं, वरची साल तेवढी उभी होती. आबांनी एक तुकडा बोटांनी चुरला आणि बराच वेळ तळहाताकडं बघत बसले. एवढा दांडगा माणूस, पण त्यांनी करावं असं काहीच राहिलं नव्हतं. भिंतींवर पाहुण्यांकडचं उसाचं पाचट आणून छप्पर टाकलं. पहिल्याच पावसात ते गळणार हे चौघांनाही ठाऊक होतं.

त्या गडबडीत तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. आबा रजेवर आले की ट्रंक उघडणं हा आमचा सण असायचा. आईला लुगडं, बाळूला शिट्टी नाहीतर टोपी, मला रिबिनी, सगळ्यांना साखरेच्या वड्या. ह्या वेळी ट्रंकेत त्यांचे दोन कपडे होते आणि कागदात गुंडाळलेल्या मुलीच्या चपला. नव्या, लाल पट्ट्याच्या. मिरजेला गाडीतून उतरल्यावर घेतल्या म्हणाले. मला त्या दोन बोटं मोठ्या होत होत्या. तरी मी घालून घरभर, म्हणजे त्या उघड्या भिंतींमधून, फटफट करत फिरले. बाळूनं ट्रंक उलटी करून बघितली आणि फतकल मारून रडला. आईनं एकदा ट्रंकेत बघितलं, एकदा आबांकडं, आणि चुलीपुढं जाऊन बसली. आबा मला म्हणाले, "सातारला मुलींचं बोर्डिंग हाय. चांगलं हाय म्हनत्यात. चौकशी केली मी." मी म्हटलं, मला नाही जायचं. "न्हाई," ते म्हणाले, "आता काय गरज न्हाई."

निघायच्या दिवशी आम्ही तिघं त्यांना एसटीला सोडायला फाट्यावर गेलो. ऊन होतं, झाड नव्हतं, गाडीचा धुरळा लांबून दिसत होता. बाळू अजून फुगलेलाच, म्हणून मी त्याच्या वतीनं विचारलं, "आबा, बाळूला काय का न्हाई आणलं? आन् आईला?"

आबांनी ट्रंक उचलली. "कार्डावरचं अक्षर तुजं हुतं," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. तू तेवढी हाईस, एवढंच ठावं हुतं मला."

आईनं पदर तोंडावर घेतला आणि आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. गाडी आली, आबा चढले. मी दुसऱ्या दिवशी चपला घालून शाळेत गेले आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, की माझ्या चांगल्या अक्षराचं आबांनी मला बक्षीस आणलंय.